मऊ बूट घ्यावेत का?

मुलासाठी धावायचे बूट घ्यायला गेलात की दुकानदार सोल दाबून दाखवतो, "बघा, किती मऊ!" पण मऊ सोलमुळे दुखापत खरंच टळते का?

लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच बूट दिले. काहींचे सोल मऊ, काहींचे कडक. कुणाचे कसे, हे त्यांना सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत कडक सोलवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. जाड माणसालाच मऊ सोल हवा असं आपल्याला वाटतं ना? निघालं उलटं! फायदा हलक्या वजनाच्या धावपटूंना दिसला. आणि गंमत म्हणजे, पाय टेकतानाचा दणका मऊ बुटात कमी नव्हता, उलट जास्तच भरला.

मात्र ही सगळी मोठी माणसं होती. मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. त्यांचं रोजचं अंतर हळूहळू वाढवा, दुखलं तर थांबवा.