गणिताचा तास हाहि भाषेचाच तास

मेळघाटांतील कोरकू मूल पहिलीच्या वर्गांत पाऊल टाकतें, तेव्हां त्याच्यापुढें उभी राहणारी मराठी ही त्याच्या घरच्या भाषेची सख्खी बहीण नव्हे. कोरकू मुंडा कुळांतील, मराठी आर्य कुळांतील. असें मूल गणितांत मागें पडलें कीं त्याच्या बुद्धीस दोष देऊन आपण मोकळे होतों. परंतु त्यास वजाबाकी येत नाहीं, कीं ‘उरले किती’ हे शब्दच कळले नाहींत, याचा निवाडा कोणीं केला? साक्षीदाराची भाषा न समजतां त्यास खोटा ठरविणाऱ्या न्यायाधीशास आपण काय म्हणूं?

प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याच्या पुरेशा सोयी भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस कराव्या, असें १९५६ सालीं घटनेंत आलेलें ३५०-अ कलम सांगतें. इंग्लंडांतील बुलक समितीनें १९७५ सालींच बजाविलें कीं, भाषेची जबाबदारी एकट्या भाषाशिक्षकाची नसून प्रत्येक विषयशिक्षकाची आहे.

‘मग अभ्यासक्रम पुरा कधीं व्हावयाचा?’ असा आक्षेप येईल. आमचें उत्तर असें कीं, न समजतां पुरा झालेला अभ्यासक्रम हा पुरा झालाच नाहीं. विज्ञानाच्या तासास बीं रुजत घालावें. मुलांस आपसांत प्रथम कोरकूंत बोलूं द्यावें. मग ‘मूळ’, ‘अंकुर’ हे शब्द फळ्यावर मांडावे. आणि शेवटीं दोनच वाक्यें मराठींत लिहवून घ्यावीं. यासाठीं शिक्षकानें थोडी कोरकू शिकण्यांत कमीपणा तो कोणता?

परभाषेच्या जुलमाविरुद्ध झगडलेल्या आम्हीं आपल्याच लेकरांची भाषा वर्गाबाहेर उभी करावी, हा न्याय नव्हे.