प्रकल्प तशी पद्धती

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या संचास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. मोठी आज्ञावली रचताना आधी संपूर्ण आराखडा, मग लेखन व शेवटी चाचणी, असा क्रम पाळण्याकडे पूर्वी कल असे. परंतु काम पुरे होईतो ग्राहकाच्या गरजाच पालटत. यावर उपाय शोधणारे १७ तज्ज्ञ फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमले व त्यांनी ‘ॲजाइल’ म्हणजे चपळ पद्धतीचा जाहीरनामा सिद्ध केला. आज्ञावली थोडीथोडी रचावी, प्रत्येक भाग ग्राहकास दाखवावा व त्याच्या अभिप्रायानुसार पुढील काम आखावे, हे तिचे सार होय.

मग हीच रीत सर्व कामांना सारखी लावावी काय? त्या १७ जणांपैकी ॲलिस्टर कोबर्न यांचे उत्तर नकारार्थी आहे. त्यांनी आपल्या पद्धतींच्या कुलास ‘क्रिस्टल’ म्हणजे स्फटिक असे नाव दिले. स्फटिकास रंग असतो, तसेच काठिण्यही असते. येथे रंग हा माणसांच्या संख्येचा, तर काठिण्य हे चुकीमुळे होणाऱ्या हानीचे निदर्शक आहे. हानीच्या पायऱ्या चार : गैरसोय, सोसण्याजोगे द्रव्यनुकसान, न सोसवणारे द्रव्यनुकसान आणि जीवितहानी.

संख्येचा परिणाम सोप्या गणिताने कळतो. सहा माणसांत संभाषणाच्या जोड्या १५ होतात. चाळिसांत त्या ७८० होतात. सहा जणांना एक खोली व एक फळा पुरतो. चाळिसांना लेखी नोंदी व कामाची वाटणी यांवाचून गत्यंतर नसते.

परंतु केवळ संख्या पाहणे घातक ठरते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची आज्ञावली एकाच व्यक्तीने लिहिली होती व तिच्या लेखी नोंदी अत्यल्प होत्या. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक अटकावही या यंत्रात ठेवले नव्हते. १९८५ ते १९८७ या काळात कॅनडा व अमेरिकेत सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा मिळाली; त्यांतील काही दगावले. माणूस एकच असला, तरी काम मात्र चौथ्या पायरीचे होते.

अशा कामातही लहान टप्प्यांनी पुढे जाता येते. मात्र प्रत्येक टप्प्यावर संभाव्य धोक्यांचा विचार, त्रयस्थाकडून तपासणी व लेखी नोंद अवश्य हवी. उलट, किरकोळ गैरसोयीपलीकडे हानी न करणाऱ्या कामावर हा भार लादणे म्हणजे श्रमांचा अपव्यय होय. म्हणून पद्धती निवडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : माणसे किती, आणि चूक झाल्यास तिची किंमत कोण मोजणार?