तुटलेल्या पात्याचा पंचनामा

अतिवेगवान मोटारनौकेचा पंखा एकदा तुटला तर तो योगायोग मानण्यास जागा असते. परंतु त्याच नौकेवर, त्याच शाफ्टवर, एकाच मोसमात दुसरा आणि तिसरा पंखा तुटला म्हणजे योगायोगाची सबब संपते, आणि पाण्याखाली कोठेतरी एक निश्चित, शोधून काढता येण्याजोगे कारण दडून बसले आहे, हे कबूल करावे लागते. अशा वेळी मालकाच्या आणि त्याच्या मिस्त्रीच्या मनात प्रथम येणारा विचार सहसा एकच असतो: पंखा कच्चा निघाला, आता अधिक जाड, अधिक कठीण पोलादाचा बसवावा. या विचाराला माझी हरकत आहे. वारंवार तुटणाऱ्या पंख्याकडे आरोपी म्हणून न पाहता फिर्यादी म्हणून पाहावे, कारण त्याच्यावर झालेला अन्याय बहुधा अन्यत्र घडलेला असतो. आणि त्याच्या जागी दणकट पंखा बसविला, तर फिर्याद तेवढी बंद होते व तोच आघात शाफ्टवर, गिअरबॉक्सवर किंवा नौकेच्या तळावर जाऊन पडतो, जेथील मोडतोड कितीतरी पट महाग आणि जिवावर बेतणारी असते.

अशा तपासाचा सर्वोत्तम नमुना सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या ईशान्येस, टाइन नदीच्या परिसरात घडला. चार्ल्स पार्सन्स यांनी आपल्या वाफेच्या टर्बाइनचे सामर्थ्य जगाला दाखविण्यासाठी 1894 मध्ये ‘टर्बिनिया’ नावाची, सुमारे शंभर फूट लांब आणि अवघी नऊ फूट रुंद अशी सडपातळ नौका पाण्यात सोडली. तिच्या वेगाविषयी अपेक्षा मोठ्या होत्या. परंतु पंख्यामागून पंखे बदलले, एकाच शाफ्टवर एकापुढे एक अनेक पंखे बसवून पाहिले, तरी ती वीस नॉटांची मर्यादा ओलांडीना. पंख्याने आपल्या पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात तत्त्वतः पुढे सरकण्याच्या अंतराच्या, हिशेबाने जेवढे अंतर कापावयास हवे आणि नौका प्रत्यक्षात जेवढे कापते, त्या दोहोंतील तुटीस घसर म्हणतात. पहिल्या चाचणीत ही घसर जवळजवळ निम्मी भरली. टर्बाइन हे त्या काळी नौकेवर कोणी न वापरलेले यंत्र असल्यामुळे सगळा संशय त्याच्यावर जाणे स्वाभाविक होते. पार्सन्स यांनी तर्कावर भिस्त न ठेवता टर्बाइन आणि पंख्याचा शाफ्ट यांच्या दरम्यान पीळ मोजणारे एक स्प्रिंगचे उपकरण बसविले, टर्बाइनकडून प्रत्यक्षात किती शक्ती येते ते मोजले, आणि यंत्र निर्दोष असून सारी गफलत पंख्याच्या भोवतालच्या पाण्यात होत आहे, हे रुजुवातीने सिद्ध केले. मला या प्रकरणातील हे पाऊल सर्वांत थोर वाटते. कारण त्यानंतरचे सगळे शोध, कितीही तेजस्वी असले तरी, या एका मोजमापाच्या पायावर उभे आहेत.

पुढे त्यांनी एका लहानशा टाकीत पाणी उकळीच्या जवळपास तापवून त्यात दोन इंच व्यासाचा पंखा फिरविला, आणि प्रत्येक फेऱ्यात नेमक्या एकाच क्षणी त्याच्यावर प्रकाश पडेल अशी आरशाची योजना केली, म्हणजे वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना स्थिर दिसावा. तेव्हा पात्यांच्या पाठीवर पाणी फाटून पोकळ्या निर्माण होताना स्पष्ट दिसल्या. एका पंख्याच्या इवल्याशा क्षेत्रफळावर पाण्याला पेलवणार नाही एवढा भार टाकला गेला होता. उपाय निदानातूनच निघाला: 1896 मध्ये एका टर्बाइनच्या जागी तीन टर्बाइने, तीन शाफ्ट आणि प्रत्येक शाफ्टवर तीन, असे एकूण नऊ पंखे बसविण्यात आले. भार वाटला गेला, आणि 26 जून 1897 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे भरलेल्या आरमारी संचलनात हीच नौका 34 नॉटांच्या वर, म्हणजे ताशी 60 किलोमीटरांहून अधिक वेगाने, युद्धनौकांच्या रांगांमधून धावली. न्यूकॅसलच्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये ती आजही पाहावयास मिळते.

पाणी फाटण्याचा हा प्रकार, ज्यास सर्वत्र कॅव्हिटेशन म्हणतात, नीट समजून घेतल्यावाचून पंख्याचे दुखणे समजत नाही. पाते फिरू लागले की त्याच्या पाठीकडील पाण्याचा दाब घटतो. 25 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यावरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तिसाव्या हिश्शावर आला, तर ते पाणी गार असूनही उकळू लागते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. हे बुडबुडे प्रवाहाबरोबर पुढे सरकून अधिक दाबाच्या प्रदेशात शिरले की क्षणार्धात मिटतात; आणि तसे मिटताना केवढा प्रचंड दाब उत्पन्न होऊ शकतो, हे लॉर्ड रेले यांनी 1917 मध्ये गणिताने दाखवून दिले. असे असंख्य आघात एकाच जागी होत राहिले म्हणजे धातू कुरतडला जातो, आणि ते खड्डे कोठे पडले आहेत यावरून बरेच काही कळते. पाण्यात प्रथम शिरणाऱ्या धारेच्या लगोलग मागे खड्डे असतील, तर त्या धारेला खाच पडली आहे किंवा तिचा आकार बिघडला आहे असे समजावे. ते पात्याच्या मुळापाशी असतील, तर पंख्यापर्यंत येणारे पाणीच पुढच्या एखाद्या भागामुळे किंवा शाफ्टच्या तिरकेपणामुळे ढवळलेले येत असावे. शिवाय प्रत्येक खड्डा ही पुढे तडा सुरू होण्याची तयार जागा असते.

म्हणून पंखा तुटल्यावर पहिले कर्तव्य हे, की उरलेला तुकडा भंगारात टाकू नये, तारेच्या ब्रशने घासू नये, आणि दोन तुकडे हाती असतील तर ते एकमेकांना जुळवून पाहण्याचा मोह आवरावा, कारण त्या घर्षणाने भेगेवरची सूक्ष्म अक्षरे पुसली जातात. तो मुद्देमाल आहे. गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, वाळवून, तो गुंडाळून ठेवावा, आणि नंतर तिरप्या प्रकाशात भिंग घेऊन निवांतपणे वाचावा.

भेगेचा पृष्ठभाग सर्वत्र खडबडीत असून पाते वाकलेलेही असेल, तर ते ओंडका, खडक किंवा तळ यांवर एका तडाख्यात आदळून मोडले. परंतु वारंवारच्या प्रकरणांत बहुधा निराळे दृश्य दिसते: भेगेचा एक भाग गुळगुळीत असतो, त्यावर एका बिंदूभोवती पसरत गेलेल्या वक्र रेषा असतात, आणि उरलेला भाग भरड व दाणेदार असतो. हा धातूचा शिणवटा. त्या बिंदूपाशी तडा जन्मला, प्रत्येक फेऱ्यागणिक सूतसूत पुढे सरकला, आणि उरलेल्या धातूला भार पेलेनासा झाला तेव्हा तो एकदम तुटला. भरड भाग लहान असेल, तर नेहमीचा भार फार नव्हता व तडा दीर्घकाळ वाढत होता, अर्थात दोष त्या आरंभबिंदूत शोधावा. भरड भाग मोठा असेल, तर भारच अतोनात होता. आरंभबिंदू एकाऐवजी अनेक असून त्यांच्या दरम्यान बारीक पायऱ्या दिसत असतील, तर त्या जागी फार मोठा ताण एकवटत होता असे खुशाल समजावे. आरंभबिंदूपाशी ओतकामातील एखादे छिद्र सापडते, कधी जुना वेल्डिंगचा टाका, कधी ठोकून उमटविलेला एखादा आकडा. पात्याच्या मुळाशी केलेले वेल्डिंग इतके घातक असते, की जहाजांचे प्रमाणन करणाऱ्या संस्थांच्या नियमांत मुळाजवळच्या, दाब सोसणाऱ्या भागावर ते सर्वसाधारणपणे निषिद्धच मानले आहे.

आता भाराचा हिशेब. ज्या नौकांचे पंखे अर्धे पाण्यात व अर्धे हवेत राहून फिरतात, त्यांवरील प्रत्येक पाते एका फेऱ्यात एकदा पाण्यावर आपटते आणि एकदा मोकळे होते. शाफ्ट मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक पात्याला सेकंदाला सुमारे 67 आघात सोसावे लागतात. तासाला 2,40,000, आणि चार तास दहा मिनिटांत दहा लक्ष. एका किलोचे पाते, ज्याचा गुरुत्वमध्य शाफ्टपासून 12 सेंटीमीटरवर आहे, त्या वेगात सुमारे दोन टनांच्या बळाने बाहेर फेकले जाऊ पाहते. तोलात अवघ्या 10 ग्रॅमची चूक 15 सेंटीमीटरवर राहिली, तरी 27 किलोंचा असमतोल प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगवर आदळतो. नौका लाटेवरून उडाली म्हणजे पंखा हवेत मोकळा सुटतो, इंजिन भडकते, आणि खाली येताच तीच भडकलेली गती पाण्यावर आदळून सबंध पीळ पात्यांच्या मुळाशी येतो. खुल्या समुद्रावरील शर्यतींत सुकाणू एकाच्या आणि थ्रॉटल दुसऱ्याच्या हाती असतो, तो याच कारणास्तव. लाट सुटण्याच्या क्षणी इंजिनाची गती खाली आणणारा तो हात पंख्याचे आयुष्य राखतो. एखाद्या नौकेवर नवा चालक आल्यापासून पंखे तुटू लागले असतील, तर कारागिराकडे जाण्यापूर्वी त्या हाताकडे पाहावे.

पोलादाविषयीचा गैरसमज येथेच दूर करणे बरे. वेगवान नौकांच्या पंख्यांसाठी वापरले जाणारे 17-4 जातीचे स्टेनलेस पोलाद 482 अंशांवर मुरविले तर अत्यंत कठीण होते, परंतु तितकेच ठिसूळपणाकडे झुकते आणि खाऱ्या पाण्यात ताणाखाली तडकण्याचा धोका वाढतो. तेच 593 अंशांवर मुरविले तर कठीणपणा थोडा घटतो व चिवटपणा वाढतो. “सर्वांत कठीण पोलाद द्या” असा आग्रह धरणारा ग्राहक, आपल्या नकळत, पुढच्या पंख्याचा मृत्यू जवळ आणीत असतो. पितळी जातीच्या मँगनीज ब्राँझमध्ये जस्त पुष्कळ असते. खाऱ्या पाण्यात विद्युत्-रासायनिक क्षरणाने ते झिरपून गेले म्हणजे धातू तांबूस व सच्छिद्र होतो, आणि वरून धडधाकट दिसणारे पाते आतून पोकळ झालेले असते.

तपासाचा सर्वांत फलदायी भाग मात्र पंख्याच्या बाहेर, तुलनेत आहे. निरनिराळ्या ओतशाळांचे पंखे एकाच नौकेवर एकाच जागी तुटत असतील, तर नौका दोषी आहे. एकाच ओतशाळेचे पंखे अनेक नौकांवर तुटत असतील, तर ओतकाम दोषी आहे. दोन इंजिनांच्या नौकेत केवळ डाव्याच बाजूचे पंखे जात असतील, तर डावीकडचा शाफ्ट, त्याचा कंस, बेअरिंग आणि इंजिनाचे पाये उजवीकडच्यांशी ताडून पाहावे. शाफ्टच्या निमुळत्या टोकावर निळा रंग लावून पंखा बसवून काढावा. रंग सर्वत्र सारखा न उमटता एकाच कडेला उमटला, तर पंख्याचा तुंबा, म्हणजे पाती जोडलेला मधला भाग, शाफ्टवर पुरता बसत नाही, चावीच्या खाचेवर सारा भार येतो, आणि तुंब्याचा तडा तेथूनच निघतो. घसरीचा हिशेबही दफ्तरी ठेवावा: 30 इंच पिचचा पंखा 4000 फेऱ्यांना ताशी 183 किलोमीटर कापावयास हवा, नौका 160 देत असेल तर घसर साडेबारा टक्के झाली. ओझे तेच, समुद्र तसाच, आणि ही घसर एकाएकी वाढली, तर पात्यांना वाक आला आहे किंवा पंख्याकडे वरून हवा ओढली जात आहे, अशी शंका तुटण्याच्या आधीच घेता येते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी; पंखा, शाफ्टची उंची आणि इंजिनाची कमाल गती एकदम बदलून दुखणे थांबले, तरी ते कशामुळे थांबले हे कळत नाही, आणि ते परत आल्यास तपास पुन्हा मुळापासून करावा लागतो.

आपल्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. गेटवे ते मांडवा धावणाऱ्या स्पीडबोटींना पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत वाहून आलेली लाकडे, जाळ्यांचे तुकडे आणि नायलॉनचे दोर यांतून वाट काढावी लागते. दोर शाफ्टभोवती गुंडाळला गेला तर तो कापून काढून प्रवास पुढे चालू होतो, वाकलेली धार हातोडीने सरळ केली जाते, कोपरा वेल्डिंगने भरला जातो, आणि त्या जागी काय राहून गेले याची नोंद कोणीच ठेवीत नाही. अशा नौकेत माणसे बसलेली असतात. वेगात एक पाते गेले, तर उरलेला असमतोल शाफ्टचा कंस उखडून तळाला भोक पाडू शकतो, म्हणून मला ही नोंद केवळ कारखान्याची बाब वाटत नाही. प्रत्येक पंख्याला क्रमांक असावा. तो कधी चढविला, किती तास चालला, कोठे आदळला, कोणी कसा दुरुस्त केला, हे त्याच्या नावावर लिहिलेले असावे. ठराविक तासांनंतर तो उतरवून, मुळाच्या वळणावर तड्यात शिरणारा लाल रंग लावावा, पुसावा, वर पांढरी पूड फवारावी, आणि तिच्यावर एक जरी बारीक लाल रेघ उमटली तरी तो पंखा करवतीने कापून मगच भंगारवाल्याला द्यावा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या शाफ्टवर तो पुन्हा चढणार नाही.