श्रद्धा, स्वातंत्र्य आणि धम्मजीवन

बौद्ध धम्मात श्रद्धेला स्थान आहे काय, हा प्रश्न आपल्या विहारांतून वारंवार विचारला जातो. स्वतःस बुद्धिवादी म्हणविणाऱ्या काही उपासकांना श्रद्धा हा शब्दच परका वाटतो. तर काही ठिकाणी एखाद्या तरुणाने शंका काढली की तिला अश्रद्धा ठरवून त्याला गप्प बसविले जाते. या दोन्ही भूमिका धम्माला धरून नाहीत.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात कालामांचे सुत्त आहे. कोसलातील केसपुत्त या गावी निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येत, स्वमताची स्तुती व परमताची निंदा करीत. यांपैकी खरे कोणाचे मानावे, असे कालामांनी तथागतांना विचारले. तथागतांनी त्यांची शंका रास्त ठरविली. ऐकीव वार्ता, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, केवळ तर्क किंवा 'हा श्रमण आमचा गुरू आहे' एवढ्याच आधारावर काहीही स्वीकारू नये, असे त्यांनी सांगितले.

याचा अर्थ मनाला येईल ते खरे, असा मात्र नव्हे. जे अकुशल आहे, विज्ञ जनांनी निंद्य मानले आहे आणि आचरल्यास अहितास व दुःखास कारण होते, ते स्वतः जाणून सोडावयाचे. जे कुशल आहे ते स्वतः जाणून आचरावयाचे. या कसोटीत व्यक्तीचे स्वातंत्र्य आहे आणि विज्ञ जनांच्या मताचा आदरही आहे. सुत्ताच्या अखेरीस कालाम त्रिशरण ग्रहण करतात. परीक्षा आधी, शरणगमन नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

पंचबलांत श्रद्धा प्रथम व प्रज्ञा अखेरीस येते. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात या दोहोंचा समतोल आवश्यक मानला आहे. प्रज्ञा दुर्बल असलेली श्रद्धा भलत्या ठिकाणी जडते; श्रद्धा दुर्बल असलेली प्रज्ञा लबाडीकडे झुकते.

त्रिशरणातील 'गच्छामि' आणि पंचशीलातील 'समादियामि' ही दोन्ही क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही 'मी' म्हणूनच घ्यावयाच्या आहेत. लाखोंचा समुदाय एकाच वेळी उच्चारीत होता. तरीही प्रत्येकाने आपापली जबाबदारी स्वतः पत्करली. शतकानुशतके ज्यांच्या वतीने इतरांनीच निर्णय घेतले, त्या समाजाच्या दृष्टीने या 'मी'चे मोल फार मोठे आहे.

या निर्णयाची खरी परीक्षा घरात व कामाच्या ठिकाणी होते. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात, पित्याच्या आज्ञेवरून सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला तथागतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. माता-पिता, आचार्य, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण या त्या सहा दिशा होत. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, वेळोवेळी विश्रांती द्यावी, असे तेथे सांगितले आहे. कर्तव्ये उभयपक्षी आहेत. म्हणूनच हा सदाचार दास्य ठरत नाही.

तेव्हा रविवारच्या वंदनेत सर्वांबरोबर पंचशील घेणाऱ्या उपासकाने घरी मुलीचे मत न विचारता तिचा विवाह ठरविला, तर त्याने स्वतः घेतलेले स्वातंत्र्य तिला नाकारले, असेच म्हणावे लागेल. विहारात प्रश्नाला आणि घरात प्रत्येकाच्या मताला स्थान देणे, ही श्रद्धेला बाधा नसून तिचेच आचरण होय.