ट्रॅक्टर-ट्रॉलीची निगा : हंगामाआधीची आणि हंगामातली



खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुऊन काढतो, हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पूजा जरूर करावी. परंतु ज्या दिवशी गाडीला हार घातला, त्याच दिवशी तिचे ब्रेक, हुकाची पिन, चाकाचे नट आणि बेरिंग कितीजणांनी पाहिले, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते, “बघू की, चालतंय अजून!” या ‘चालतंय’मध्येच हंगामातले निम्मे खोळंबे आणि बरेचसे अपघात दडलेले असतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी बैलगाडीने ऊस वाहिला. गाडी जुंपण्याआधी आसाला वंगण, चाकाची धाव आणि बैलाच्या खुराची पत्री पाहिल्याशिवाय म्हातारी माणसे गाडीवर चढत नसत. बैलाचा पाय दुखला तर तो लंगडून दाखवतो. ट्रॅक्टरही बोलतो. तो तेल गाळून बोलतो, गरम होऊन बोलतो, आवाज बदलून बोलतो. मात्र ऐकणारा कान पाहिजे.

यात नुकसान केवळ गाडीमालकाचे नाही. तोडलेला ऊस फडात किंवा ट्रॉलीत पडून राहिला की वाळून त्याचे वजन घटते आणि त्यातील साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते. म्हणजे ऊस देणाऱ्याला काट्यावर फटका आणि कारखान्याच्या उताऱ्याला वेगळा फटका. उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने तो शेवटी आपल्या सर्वांच्याच पदरी येतो. आणि रस्त्यात माणूस गेला, तर त्याची भरपाई कोणत्याच दराने होत नाही.

हात लावण्यापूर्वी

ट्रॅक्टरचे कोणतेही काम सपाट आणि कठीण जमिनीवर करावे. उसाच्या ओल्या सरीत किंवा बांधाच्या उताराला पाना हातात घेऊ नये. गियर न्यूट्रल करावा, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी आणि चाकाला पुढून-मागून उटी लावावी. किल्ली खिशात ठेवण्याचे कारण असे की आपण खाली वाकलेलो असताना घरातले पोर सीटवर चढून स्टार्टर मारते. असे घडल्यावर पश्चात्तापाचा उपयोग नसतो.

अंगावर सुटे कपडे नकोत. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, थंडीतला मफलर हे पंख्याच्या पट्ट्यात किंवा पीटीओच्या फिरत्या दांड्यात क्षणात गुंडाळले जातात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. धुरातल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि ओरडायचेही राहून जाते.

रोज सकाळची दहा मिनिटे

पहिली गोष्ट इंजिन ऑइल. रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे ऑइल सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी पाहावे. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे हेही नुकसानकारकच आहे. ऑइल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावे.

दुसरी गोष्ट रेडिएटरचे पाणी. आपल्या भागातल्या विहिरी आणि बोअरचे पाणी खारट, जड आहे. कारखान्यात रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांना आतून क्षार धरतात आणि ते काढायला ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून सफाई करावी लागते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. रेडिएटरमध्ये तसेच होते. फक्त तिथे सफाईचा दिवस कुणी पाळत नाही. नळ्या बुजतात, इंजिन तापते, हेड गॅसकेट जाते. म्हणून मऊ, स्वच्छ पाणी आणि पुस्तकात सांगितलेले कूलंट वापरावे. जाळीत अडकलेले पाचट आणि भुसा रोज काढावा.

इथेच एक महत्त्वाची सूचना. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. ते झाकण आतले पाणी दाबाखाली धरून ठेवते आणि दाबामुळे ते पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि पाण्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे, मग जाड फडके धरून हळूहळू उघडावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणेही टाळावे. हेडला तडा जातो.

तिसरी गोष्ट एअर क्लीनर. फडातल्या रस्त्यावर फुफाटा असतो, तो सगळा इंजिन ओढते. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर वाटीतले तेल खुणेपर्यंत आहे का ते रोज पाहावे. चिखल साचला असेल तर इंजिन बंद ठेवून वाटी डिझेलने धुवावी आणि नवे तेल घालावे. नव्या ट्रॅक्टरला कागदी, कोरडा फिल्टर असतो. तो डिझेलने किंवा पाण्याने धुवायचा नसतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झाडायचा आणि वेळेवर बदलायचा. पुष्कळजण जुन्या सवयीने तो धुतात आणि मग “नवा ट्रॅक्टर धूर का मारतोय?” म्हणून विचारायला येतात.

चौथी गोष्ट डिझेल. टाकी शक्यतो संध्याकाळी भरून ठेवावी. थंडीच्या रात्री रिकाम्या टाकीत हवेतल्या ओलाव्याचे पाणी धरते. फिल्टरच्या तळाला साचलेले पाणी अधूनमधून सोडावे. नोझलच्या पाईपातून डिझेल उडते का हे हाताने चाचपून पाहू नये. तिथला दाब इतका असतो की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास हळद लावून घरी न बसता तडक दवाखाना गाठावा.

ब्रेक : दोन पायांचा एक पाय करा

ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. नांगरताना बांधाशी जागच्या जागी वळता यावे म्हणून ती सोय आहे. रस्त्यावर तीच सोय घात करते. भरल्या ट्रॉलीनिशी वेगात असताना एकाच पायपट्टीवर पाय पडला तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला ओढला जातो आणि उलटतो. यासाठी दोन्ही पायपट्ट्या जोडणारी कडी कंपनीने दिलेली असते. शेतातून डांबरीवर येताना ती कडी अडकवणे ही सवयच झाली पाहिजे. कडी हरवली असेल तर आजच नवी बसवून घ्यावी. दोन्ही ब्रेक सारखे लागतात की नाही हे मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीवर तपासावे.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करू नये, क्लचही दाबून ठेवू नये. ज्या गियरमध्ये चढ चढतो त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी धरते. मागे टनावारी ऊस आहे आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही, हे ध्यानात असू द्यावे.

हुक, पिन आणि चाक

ट्रॅक्टरची निगा थोडीफार होते. ट्रॉली मात्र अनाथ असते. हंगाम संपला की ती लिंबाच्या झाडाखाली उभी राहते ती थेट दसऱ्यापर्यंत. तिचे हब उघडून जुने ग्रीस काढावे, बेरिंग डिझेलने धुवावे, खोबण्या पडल्या असतील तर बदलावे आणि नवे ग्रीस भरावे. हंगामात काट्यापाशी नंबर लागेपर्यंत हबजवळ हाताची पाठ न्यावी. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेरिंग जाण्याच्या मार्गावर आहे.

हुकाच्या पिनेऐवजी सळईचा तुकडा, टिकावाचा दांडा असले काही घालू नये. पिन योग्य जाडीची हवी आणि तिच्या खाली खिटी हवीच. डोळा झिजून अंडाकृती झाला असेल तर तो बदलून घ्यावा. जोडीला सुरक्षेची साखळी असावी. ट्रॉली कंपनीने नेमून दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. जोड जितका वर, तितकी ट्रॅक्टरची पुढची चाके उचलण्याची भीती जास्त. पुढची चाके हलकी झाली की स्टेअरिंग लागत नाही. चढावर ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहण्याचे हे एक कारण, आणि दुसरे कारण म्हणजे हाव. एका खेपेत दोन खेपांचा ऊस भरणाऱ्याचे पैसे वाचत नाहीत. ते पाटे, टायर आणि क्लचप्लेटच्या बिलात जातात.

चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळावेत आणि चाक बदलल्यावर थोडे अंतर जाऊन पुन्हा आवळावेत. टायरमधील हवा पुस्तकाप्रमाणे ठेवावी. शेतातल्या कामाला ती कमी लागते, रस्त्यावरच्या वाहतुकीला जास्त. ट्रॉलीच्या चाकाला सुटी लोखंडी रिंग असेल तर हवा भरताना समोर उभे राहू नये. बाजूला उभे राहून लांब नळीने भरावी. नीट न बसलेली रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते.

जॅक उचलतो, सांभाळत नाही

हे वाक्य प्रत्येक शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आम्हांस वाटते. जॅकचे काम वर उचलणे एवढेच. त्याच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे मरणाशी पैज. चाक काढण्याआधी ट्रॉली रिकामी करावी, बाकीच्या चाकांना उटी लावावी, जॅकखाली जाड फळी द्यावी आणि उचलल्यावर आसाखाली मजबूत घोडे किंवा लाकडी ठोकळे लावावेत. विटा आणि दगडगोटे लावू नयेत. वीट फुटताना आधी सांगत नाही.

आम्ही रस्त्याकडेला असा प्रसंग पाहिला आहे. भरलेली ट्रॉली, पंक्चर चाक, मऊ साईडपट्टी आणि खाली शिरलेला तरुण पोरगा. जॅक तिरपा होताना सोबत्याने पाय धरून त्याला बाहेर ओढला, म्हणून तो आज आहे. घाई कशाची होती, तर काट्यावर नंबर जाईल याची. नंबर पुन्हा लागतो, बाबांनो.

बॅटरी आणि स्टार्टर

बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून तिच्याजवळ विडी-काडी नको, पाणी पाहायला काडेपेटी पेटवणे तर मुळीच नको. टर्मिनल काढताना आधी बॉडीला जोडलेली, म्हणजे सामान्यतः वजाची वायर काढावी आणि बसवताना ती सर्वांत शेवटी बसवावी. त्यामुळे पान्याची ठिणगी उडत नाही. पाणी डिस्टिल्डच घालावे. आतले पाणी अंगावर वा डोळ्यांत उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरकडे जावे.

एक फार घातक खोड आपल्याकडे आहे. सेल्फ लागत नाही म्हणून मोठ्या चाकापुढे जमिनीवर उभे राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरचे टर्मिनल जोडायचे. गाडी गियरमध्ये राहिली असेल तर इंजिन धरताक्षणी ते चाक त्या माणसाच्या अंगावर येते. पळायला जागा आणि वेळ दोन्ही नसतात. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणारी जी सोय कंपनीने दिली, तीच या युक्तीने निकामी होते. चार पैशांचा स्विच आणि वायर बदलून घ्यावी, सीटवर बसूनच गाडी सुरू करावी.

रात्रीचा रस्ता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये रिफ्लेक्टरची तरतूद आहे. पण दंडापेक्षा माणसाकडे पाहून ते लावावेत. पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला बंद पडलेली काळी ट्रॉली अंधारात दिसत नाही, त्यात उसाची टोके बाहेर आलेली असतात. मागे लाल, पुढे पांढरे रिफ्लेक्टर, चालू स्थितीतला लाल दिवा आणि बंद पडल्यास काही अंतर मागे ठेवलेली खूण एवढे हवेच. रिफ्लेक्टरवरचा चिखल रोज पुसावा. टेप एवढ्या जोरात लावू नये की मागच्याचा हॉर्न आणि आपल्याच गाडीचा खडखडाट ऐकू येणार नाही.

महिने नव्हे, तास मोजा

“गेल्या महिन्यातच ऑइल बदललं” हा हिशेब चुकीचा आहे. ट्रॅक्टरचे आयुष्य तासांत मोजतात. समजा तुमच्या पुस्तकात ऑइल बदलायला २५० तास लिहिले आहेत. रोज १२ तास चालणारा ट्रॅक्टर ते २१ दिवसांत पुरे करतो. १२० दिवसांच्या हंगामात १,४४० तास होतात, म्हणजे ऑइल आणि फिल्टर पाच-सहा वेळा बदलावे लागतील. हा खर्च आधीच धरून ठेवावा. सीटखाली एक वही ठेवून त्यात तारीख, तास आणि केलेले काम लिहावे. ड्रायव्हर बदलला तरी वही बोलते. काढलेले जुने ऑइल विहिरीत, ओढ्यात किंवा चारीत सोडू नये. डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्यास द्यावे.

घरी जीप, मोटार किंवा मोटारसायकल असेल त्यांनाही यातले पुष्कळसे लागू आहे. ऑइल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे ही पंचसूत्री सगळ्या गाड्यांना एकच.

ज्याचे काम त्यानेच करावे हेही तितकेच खरे. तपासणे, पुसणे, आवळणे, भरणे हे मालकाने आणि ड्रायव्हरने करावे. ब्रेक, स्टेअरिंग, नोझल पंप यांची खोल दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावी. आणि ड्रायव्हरने “मालक, ब्रेक कमी लागतोय” असे सांगितले, तर “एवढी खेप टाकून ये” असे उत्तर देऊ नये. ती खेप आपल्याला परवडणारी नसते.

कारखाना सभासदांचा आहे, रस्ताही आपलाच आहे आणि त्या रस्त्यावरून शाळेला जाणारी पोरेही आपलीच आहेत. येत्या हंगामात प्रत्येक गाडी गव्हाणीपर्यंत सुखरूप पोहोचो आणि प्रत्येक ड्रायव्हर रात्री आपल्या घरी सुखरूप परतो, हीच आमची इच्छा. मोळीपूजनाला येताना पिनेची खिटी एकदा पाहूनच निघावे, ही विनंती.