खोकल्याची बाटली आणि श्वासांची मोजणी

दहिसरच्या गणपत पाटील नगरात किंवा केतकीपाड्यात लेकरू खोकू लागले की आई औषधाच्या दुकानात जाते. दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे तर कामाचा खाडा होतो. दुकानदार बाटली पुढे करतो, आणि बाटली मिळाली म्हणजे उपचार झाला असे आपण मानतो. या समजुतीचीच चिकित्सा झाली पाहिजे.

पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले ग्लिसरीन दिले गेले. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. २०२५ साली तेच विष 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात सापडले. मर्यादा ०.१ टक्का, आढळले ४८.६ टक्के. छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. हे विष चवीला गोड असते. ते ना आईला ओळखता येते, ना दुकानदाराला. ते कारखान्यात आणि शासनाच्या प्रयोगशाळेतच पकडले गेले पाहिजे.

दुसरा प्रश्न परिणामाचा. साधी सर्दी आपोआप ओसरते. बाटलीने ती लवकर बरी होते याला भक्कम पुरावा नाही. मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ माणूस नव्हे. मोठ्यांची मात्रा निम्मी केली की मुलाचे औषध होत नाही. म्हणूनच केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले की ही औषधे २ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, आणि ५ वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत.

मग खोकणारे मूल मरते कशाने? न्युमोनियाने. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून गावातल्या अल्पशिक्षित कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्युमोनिया ओळखून योग्य प्रतिजैविक द्यायला शिकवले. शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा न्युमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी भरले. १९९० साली हे संशोधन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याचे मर्म साधे आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, ५ वर्षांपर्यंत ४०; श्वास तितके किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, तर तडक रुग्णालय.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले त्यांच्या हाती आज बाटली दिली जाते, ज्ञान दिले जात नाही. ही जुन्याच मक्तेदारीची नवी तऱ्हा आहे. गडचिरोलीच्या दाईंनी ती मोडून दाखवली. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते केवळ पदवीसाठी नव्हे. वस्तीतल्या प्रत्येक अंगणवाडीत आईला श्वास मोजायला शिकवा, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि बाजारात येणाऱ्या प्रत्येक औषधाची तपासणी हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.