वजन उतरते, पण उतरलेले टिकते का?

माणसाचा बांधा आणि त्याच्या शरीरातील चरबी यांचा हिशेब जुळतोच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही ठेवण भारतीयांत सर्रास दिसते. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त धरतात. कमरेचा घेर पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. अंगाने भरलेल्या मुलीला नावे ठेवायची आणि पोट सुटलेल्या बारीक माणसाला खात्यापित्या घरचा म्हणायचे, ही रीत म्हणूनच घातक आहे. टोमण्यांनी वजन उतरत नाही. लाजेपोटी मुलगी चारचौघांत फिरायला जाणे टाळते, ताटावर उपाशी राहते आणि मागाहून चोरून खाते.

वजन उतरवण्याच्या पद्धतींवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेला, दिवसातून दोनदाच जेवण्याचा मार्ग घरोघरी नेला. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने घरचे, स्थानिक अन्न खाण्यावर भर दिला. अमेरिकेत 2018 मध्ये एका वेगळ्याच जोडीची तुलना प्रसिद्ध झाली. 609 जणांपैकी काहींनी स्निग्ध पदार्थ, तर काहींनी पिष्टमय पदार्थ वर्षभर कमी केले. वजन सरासरी 5.3 आणि 6 किलो उतरले. हा फरक नगण्य ठरला. एकाच गटातल्या माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता. पथ्य कोणते, यापेक्षा ते निभते किती, हा प्रश्न मोठा आहे.

निभणे अवघड जाते, कारण शरीर उतरलेले वजन परत मागते. ऑस्ट्रेलियात 50 जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला. वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारे घ्रेलिन चढलेलेच होते आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके उतरलेली होती. वजन परत वाढले म्हणून त्या माणसाला आळशी म्हणणे हा सरळ अन्याय आहे.

म्हणून बदल रोजच्या ताटातच बसायला हवा. धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या परिसरात त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू आणि तितकीच प्रथिने असतात. तीन भाकरी आणि वाटीभर पातळ कालवण, याऐवजी दीड भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची दाट उसळ, भरपूर पालेभाजी आणि ताक घेतले की पोट तेवढेच भरते. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक खरी, पण तिच्यावर तेलाची धार धरली की एका चहाच्या चमच्यामागे 45 उष्मांक वाढतात. चहाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप प्यायले की सुमारे 40 ग्रॅम साखर, म्हणजे 160 उष्मांक, जेवणाआधीच पोटात जातात. साखर दर आठवड्याला थोडी कमी केली तर जीभही सरावते.

मोजमाप महिन्यातून एकदा पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता घेर घ्यावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. औषध तेच ठेवून जेवण टाळल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.